स्काऊटचे सोपान आणि बॅज: प्रवेशापासून राज्य पुरस्कारापर्यंत काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या आठ दिवसांत एक तरी पालक नववीतल्या मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, सर, याचं तेवढं राज्य पुरस्काराचं करून टाका ना दहावीच्या आत, सवलतीचे गुण मिळतील. करून टाका! जणू उत्पन्नाचा दाखलाच काढायचाय. मी नाशिकमध्ये एका शाळेत स्काऊट पथक चालवतो आणि इतक्या वर्षांत गाठ येत नाही म्हणून पुरस्कार हुकलेली पोरं मला फार कमी दिसलीत, तारीख चुकली, सही नाही, नाव जुळत नाही, लॉगबुक म्हणजे कामाची नोंदवही एका रात्रीत लिहिलीय, यावर मात्र ढिगाने अडकतात. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या जूनमध्ये मला फक्त लिंक पाठवता येईल.

खालचं सगळं भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या स्काऊट विभागाबद्दल आहे. गाईडच्या मुलींचा क्रम बराचसा असाच, पण त्यांचे नियम एपीआरओच्या भाग ३ मध्ये आहेत आणि स्काऊटचे भाग २ मध्ये. एपीआरओ म्हणजे संस्थेचं नियमपुस्तक, स्काऊट मास्तरकडे असतंच. नसलं तर आधी मास्तरलाच विचारा की बाबा, तू चालवतोस कशावर.

टप्पा १. आधी कॅलेंडर घेऊन बसा

सोपान म्हणजे पायरी. क्रम असा आहे: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. यातली एकही पायरी गाळता येत नाही आणि दोन पायऱ्या एकत्र करता येत नाहीत. प्रत्येक पायरीवर कमीत कमी किती काळ काम करायचं तेही ठरलेलं आहे. प्रवेशासाठी ३ महिने, त्यानंतर प्रथमला ६, द्वितीयला ९, तृतीयला ९, राज्य पुरस्काराला ९ आणि पुढे राष्ट्रपतीसाठी १२ महिने.

आता बेरीज करा. पोरगं पाचवीत १५ जून २०२५ ला पथकात आलं असं धरू. दीक्षाविधी, म्हणजे वचन घेऊन रीतसर स्काऊट होण्याचा कार्यक्रम, १५ सप्टेंबर २०२५ च्या आधी नाही. प्रथम सोपान १५ मार्च २०२६ च्या आधी नाही. द्वितीय डिसेंबर २०२६, तृतीय सप्टेंबर २०२७ आणि राज्य पुरस्काराला पात्र व्हायला १५ जून २०२८. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी आठवी उजाडते. तीन वर्षं सरळ. आणि हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात चाचणी शिबिरं काही तुमच्या तारखेची वाट बघत थांबत नाहीत, एक शिबिर हुकलं की पुढच्यासाठी थांबायचं, मध्ये परीक्षा येतात, मे महिन्यात पोरं मामाच्या गावाला जातात. त्यामुळे तीन वर्षांवर सहा-आठ महिने ढिलाई धरूनच चाला.

यावरून सरळ उत्तर: पाचवी-सहावीत सुरू केलं तर दहावीच्या आत राज्य पुरस्कार आरामात, राष्ट्रपतीचाही विचार करता येतो. सातवीत सुरू केलं तर धावपळ आहे पण जमतं. आठवीत सुरू केलं तर दहावीच्या आत होत नाही. नववीतल्या पोराला पथकात जरूर घाला, तंबू ठोकायला शिकेल, पोळी लाटायला शिकेल, पण पुरस्काराचं आमिष दाखवून घालू नका.

इशारा: मागची तारीख टाकून कागद जुळवून देतो असं कोणी सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका. नोंदणीचं वर्ष आणि सोपानाच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या जातात, तिथे लगेच उघडं पडतं.

टप्पा २. नोंदणी आणि नाव

पथकाची नोंदणी असणं वेगळं आणि तुमच्या पोराचं नाव त्या नोंदणीत असणं वेगळं. शाळेत बुधवारी गणवेश घालून परेडला जातो म्हणजे नोंदणी झालीच असं नाही. आता नोंदणी ऑनलाइन होते आणि प्रत्येकाला बीएसजीचा (भारत स्काऊट्स आणि गाईड्सचा) यूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक मिळतो, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शिवाय नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण लागतं, मधलं एक वर्ष कोरं राहिलं तर साखळी तुटल्यासारखीच.

नावाचं प्रकरण तर विचारूच नका. शाळेच्या रजिस्टरला एक स्पेलिंग, आधारला दुसरं, आणि नोंदणी करताना घाईत मोबाइलवर टाइप केलेलं तिसरं. प्रमाणपत्रावर तेच तिसरं छापून येतं. एकदा नोंदणी करताना मीच एका पोराच्या वडिलांचं नाव त्याच्या नावाच्या जागी टाकलं होतं आणि ते दोन वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही! दुरुस्तीसाठी मला किती हेलपाटे पडले ते मला माहीत.

थांबून तपासा: यूआयडी आहे? या वर्षाचं नूतनीकरण झालंय? नाव, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे अक्षर न अक्षर जुळतंय? स्काऊट मास्तरचं प्रशिक्षण आणि वॉरंट (संस्थेचं नेमणूकपत्र) चालू आहे? शेवटचा प्रश्न पालक कधीच विचारत नाहीत, विचारा, आम्हाला राग येत नाही. आला तरी येऊ द्या.

टप्पा ३. लॉगबुक पहिल्या दिवसापासून

हा टप्पा मी मुद्दाम प्रवेशाच्या आधी घेतलाय कारण सगळे तो शेवटी घेतात. लॉगबुक म्हणजे चित्रकलेची वही नाही. चकचकीत कव्हर, थर्माकोलची कमळं, इंटरनेटवरून प्रिंट काढून चिकटवलेला चळवळीचा संस्थापक बेडन पॉवेल, याला परीक्षक बघतही नाहीत. त्यांना हवं असतं ते एवढंच: तारीख, काय केलं, कुठे केलं, माझ्याकडून काय जमलं किंवा चुकलं, आणि त्याच सुमाराची मास्तरची सही.

माझीच गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी पोरांच्या वह्या साठवायचो आणि शिबिराच्या आदल्या रविवारी चहा घेत सगळ्यांवर एकदम सह्या ठोकायचो. एका शिबिरात परीक्षकांनी वहीची पानं चाळली, परत पहिल्यापासून चाळली आणि मला म्हणाले, "सर, तीन वर्षं एकच पेन पुरलं होय तुम्हाला?" पोरं हसली, मला मात्र काही सुचेना. तेव्हापासून नियम केला, दर महिन्याच्या शेवटच्या बैठकीला वह्या जमा आणि सही तिथल्या तिथे.

वहीत लिहायचं कसं ते एका उदाहरणाने सांगतो. "आज आम्ही गोदाघाटावर स्वच्छता केली, खूप मजा आली." हे वाक्य मी शेकडो वह्यांत वाचलंय. परीक्षक विचारतात, कुठल्या बाजूला? किती जण होते? कचऱ्यात सगळ्यात जास्त काय निघालं? कचरा टाकला कुठे? पोरगं छताकडे बघतं. जो खरोखर गेलेला असतो तो सांगतो की रामकुंडाच्या खालच्या बाजूला निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या एकत्र अडकल्या होत्या, ओलं निर्माल्य हाताला जड लागत होतं, घंटागाडी निघून गेली होती म्हणून पिशव्या अर्धा तास धरून बसलो. असं लिहा. चार ओळी पुरतात.

इशारा: मोठ्या भावाची किंवा मागच्या बॅचची वही उतरवू नका. एकाच शाळेच्या दोन वह्यांत एकच चूक दिसली की दोन्ही वह्या बाजूला काढून ठेवतात.

टप्पा ४. प्रवेश (पहिले ३ महिने)

यात चळवळीची माहिती, वचन आणि नियम, खूण, सॅल्यूट, डाव्या हाताचं हस्तांदोलन, गणवेशाचे भाग, प्रार्थना, झेंडागीत, राष्ट्रगीत, बी. पी. चे (बेडन पॉवेलचे) सहा व्यायाम आणि रोजचं सत्कृत्य. अवघड काही नाही, तरी दोन चुका हमखास होतात.

पहिली, पाठांतर. स्काऊटचे नऊ नियम पोरं पाढ्यासारखे घडाघडा म्हणतात आणि मध्येच अडवून विचारलं की सहावा कुठला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. बोटांवर शिकवा, एकेक सुटा विचारा, आणि प्रत्येक नियमाला घरातलं एक उदाहरण लावायला सांगा.

दुसरी, सत्कृत्याची डायरी. तीस दिवस तीस वेळा "आईला मदत केली". आईला कसली मदत? पाणी येतं पहाटे, तेव्हा उठून पिंप भरलं की नुसतं शेजारी उभा राहिलास? एका मुलाने लिहिलं होतं, "शेजारच्या आजींचा सिलिंडर संपला होता, नंबर लावून दिला, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही." त्या एका वाक्याने त्याचं पान वेगळं उठून दिसलं.

दीक्षाविधीच्या आधी गणवेश पूर्ण तयार हवा: स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, टोपी, पथकाच्या रंगाचा स्कार्फ, काळे बूट. दीक्षाविधी झाल्याशिवाय स्कार्फ आणि सदस्यता बॅज लावायचा नाही, दुकानात मिळतो म्हणून लावला असं चालत नाही. आणि दीक्षाविधीची तारीख त्याच दिवशी वहीत लिहा, कारण पुढचे सगळे महिने तिथून मोजायचेत.

टप्पा ५. प्रथम सोपान: गाठी आणि खुणा

शिट्टीच्या आणि हाताच्या खुणा, वाटेवरच्या खुणा, संघ पद्धती (पथकाचे छोटे संघ पाडून काम करणं), प्रथमोपचाराची पेटी आणि गाठी. बाकीचं बैठकीत होऊन जातं, वेळ जातो तो गाठींना.

दोरी आधी नीट घ्या. बुटाच्या नाडीवर शिकलेली गाठ दोरीवर येत नाही. करंगळीएवढ्या जाडीची सुती दोरी, तीन मीटर, एकाला दोन तुकडे, दोन वेगळ्या रंगांचे असले तर उत्तम. गुळगुळीत नायलॉन नको, गाठ पडते आणि आपोआप सुटते, पोराला वाटतं आपलं चुकलं. पंचवटीत मार्केट यार्डाच्या बाजूला शेतीसामानाच्या दुकानात मिळते, गुरांची दोरी म्हणून मागा, स्काऊटची म्हणून मागितली की दुकानदार गोंधळतो.

क्रम असा ठेवा. आधी दोरीचं टोक दोऱ्याने बांधून घ्यायचं, त्याला व्हिपिंग म्हणतात. मग रीफ नॉट, मग शीट बेंड, मग क्लोव्ह हिच, राऊंड टर्न अँड टू हाफ हिचेस, बोलाइन आणि शेवटी शीप शँक, फिशरमन्स. रीफ नॉटला उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर नेलं तर ग्रॅनी पडते, ती ओढली की सरकते. तपासायची सोपी खूण: गाठ पडल्यावर प्रत्येक टोक आपल्याच दोरीला चिकटून समांतर बाहेर आलं पाहिजे. टोकं आडवी, फुलीसारखी गेली की समजा ग्रॅनी.

रीफ नॉट सारख्या जाडीच्या दोऱ्यांना आणि बँडेजला. जाडी वेगळी असेल तर शीट बेंड, जाड दोरीचा फास करायचा आणि बारीक त्यातून फिरवायची, उलटं नाही. बोलाइन माणसाच्या कमरेला, कारण तो फास आवळत जात नाही. परीक्षेत "गाठ बांध" याच्या पुढचा प्रश्न "कुठे वापरशील" हा असतोच आणि तिथेच निम्मी पोरं गप्प होतात.

थांबून तपासा: प्रत्येक गाठ डोळे मिटून येते का? पाठीमागे हात नेऊन येते का? ही अट पुस्तकात नाही, माझी आहे, पण शिबिरात रात्री तंबूची दोरी सुटली आणि पाऊस लागला की तिचा अर्थ कळतो.

टप्पा ६. द्वितीय सोपान: लॅशिंग, चूल, होकायंत्र, प्रथमोपचार

सगळ्यात जास्त सराव इथे लागतो. नऊ महिने आहेत, त्यातले पहिले सहा झोपेत जाऊ देऊ नका.

लॅशिंग म्हणजे दोरीने काठ्या एकमेकींना बांधणं. स्क्वेअर लॅशिंग: उभ्या काठीवर, आडव्या काठीच्या लगेच खाली, क्लोव्ह हिचने सुरुवात. मग दोन्ही काठ्यांभोवती तीन-चार वेढे, प्रत्येक वेढा ओढून. मग दोन काठ्यांच्या मधून दोन-तीन आवळफेरे, त्यालाच फ्रॅपिंग म्हणतात. शेवटची क्लोव्ह हिच आडव्या काठीवर. पोरं वेढे छान घालतात आणि फ्रॅपिंग विसरतात, मग बुटांचं स्टँड पहिल्या जोडातच डुगडुगतं. बांधून झालं की त्या जोडावर हात टेकून वजन टाका, हललं तर सोडून पुन्हा.

चूल: तीन ढीग आधी लावून घ्यायचे, काडीकचरा, बोटाएवढ्या काटक्या, मनगटाएवढी लाकडं. मग काडी ओढायची. सगळे आधी काडी ओढतात आणि मग काटक्या शोधत पळतात. मी पोरांना दोनच काड्या देतो, तिसरी मागायला आला की पुढच्या रविवारी. पावसाळ्यात अंजनेरीच्या बाजूला लाकूड मिळालं तरी ते बाहेरून ओलं असतं, साल काढून आतलं वापरायचं किंवा घरूनच सुकं न्यायचं.

इशारा: चामरलेणीच्या किंवा पांडवलेण्याच्या डोंगरावर चूल पेटवायची नाही. दिवाळीनंतर तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. चुलीचा सराव शाळेच्या मैदानात, शेजारी पाण्याची बादली, आणि निघताना राखेत हात घालून थंड आहे का बघायचं.

होकायंत्र: सोळा दिशा कागदावर येतात, मैदानात येत नाहीत. होकायंत्र हातात घेताना मोबाइल खिशातून बाजूला, बेल्टचं बक्कल लांब, लोखंडी गेटला टेकून उभं राहायचं नाही. एका सरावाला माझ्या अख्ख्या संघाची उत्तर दिशा वेगवेगळी आली होती, कारण सगळे सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभे होते, आणि मीच त्यांना सावलीत उभं केलं होतं.

प्रथमोपचाराबद्दल मात्र हात जोडून सांगतो, जुन्या वह्यांतून उतरवू नका. भाजलं की वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, फोड फोडायचे नाहीत. साप चावला तर आवळपट्टी नाही, ब्लेडने चिरायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला हलू द्यायचं नाही, चावलेला हात किंवा पाय स्थिर ठेवायचा, अंगठी-कडं काढायचं आणि लगेच सरकारी दवाखाना. दिंडोरी, सिन्नरकडून येणाऱ्या पोरांच्या घरी शेती असते, त्यांच्यासाठी हा प्रश्न नुसता मार्कांचा नाही. त्रिकोणी पट्टीसाठी एक मीटर चौरस सुती कापड तिरकं कापा, दोन पट्ट्या होतात. झोळी बांधताना बोटं कोपरापेक्षा थोडी वर राहिली पाहिजेत आणि गाठ खांद्याच्या खड्ड्यात, मानेच्या मणक्यावर नाही.

टप्पा ७. प्रावीण्य बॅज: निवड आणि परीक्षक

प्रावीण्य बॅज म्हणजे एखाद्या कामात तयार झाल्याची खूण. कुठल्या सोपानाला कुठल्या गटातून किती बॅज लागतात ते एपीआरओमध्ये दिलंय. यादी तिथूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवरून नको, नियम बदलतात आणि फोटो फिरत राहतात.

निवडताना पोराच्या रोजच्या आयुष्यात जे आहे ते घ्या. सायकलवर शाळेत येतो तर सायकलिस्ट, पंक्चर त्याने स्वतः काढलं पाहिजे मात्र. घरी आई-बाबा दोघं कामावर जातात आणि पोरगं वरण-भात लावतं तर कुक. पाथफाइंडर नाशिकच्या पोरांना करायला मजा येते. नाशिकरोड स्टेशनवर उतरलेल्या माणसाला रामकुंडावर जायचंय तर कसं सांगशील? "सरळ जा" हे उत्तर नाही. बस कुठे मिळेल, सीबीएसच्या स्टँडला उतरायचं की निमाणीच्या, तिथून पायी किती, वाटेत खूण काय. जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रोडला, अग्निशमनचं मुख्य केंद्र शिंगाडा तलावाला, हे रात्री झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. २०२७ चा सिंहस्थ आहे, रस्ता विचारणारे लाखोंनी येतील, सरावाला माणसं शोधायला नकोत.

इथली ठरलेली चूक: बॅजची परीक्षा आपल्याच मास्तरने घेतली आणि सही केली. बॅजला त्या विषयातला स्वतंत्र परीक्षक लागतो, जिल्हा किंवा स्थानिक संस्थेने मान्य केलेला. आधी परीक्षक कोण ते विचारा, मग तयारी सुरू करा. नाहीतर सहा महिने बागकाम करून वाफ्यात मेथी उगवते, खाऊन होते, आणि परीक्षक आले की दाखवायला काहीच नाही. हे खरं झालंय. परीक्षकांनी पोराला मेथीची भाजी कशी करतात ते विचारलं आणि पुढची तारीख दिली.

बॅज शिवायची जागाही ठरलेली आहे. सोपानाचा बॅज डाव्या बाहीवर, आणि पुढचा मिळाला की आधीचा काढायचा, एकावर एक रांग लावायची नाही. प्रावीण्य बॅज उजव्या बाहीवर. सदस्यता बॅज डाव्या खिशावर, विश्व स्काऊट बॅज उजव्या. मिळालेले नाहीत ते बॅज हौसेने शिवू नका, परीक्षकाची नजर आधी बाहीवरच जाते आणि पहिला प्रश्न त्याच बॅजवर येतो.

टप्पा ८. तृतीय सोपान

इथून प्रकरण शाळेच्या बाहेर जातं, जिल्ह्याचं चाचणी शिबिर लागतं. शिबिराची सूचना शाळेला येते, शाळेत ती कुणाच्या तरी टेबलावर पडून राहते, म्हणून पालकांनी दर महिन्याला मास्तरला विचारत राहायचं.

अभ्यासक्रमात नकाशा, अंदाजाने उंची-अंतर मोजणं, पुढची लॅशिंग, प्रथमोपचाराचा पुढचा भाग असं सगळं आहे. डायगोनल लॅशिंगची सुरुवात टिंबर हिचने होते, क्लोव्ह हिचने नाही, हे लाल पेनाने लिहून ठेवा. अंतर मोजायला आधी स्वतःची पावलं मोजा, शंभर मीटरला माझी किती पडतात, आणि दर सहा महिन्यांनी परत मोजा, पोरं वाढत असतात.

पोहणं शिकायचं असेल तर त्र्यंबक रोडचा सावरकर जलतरण तलाव किंवा घराजवळचा कुठलाही प्रशिक्षक असलेला तलाव. गोदावरीत, सोमेश्वरला, गंगापूर धरणाच्या पाण्यात सराव अजिबात नाही. "आमचे आजोबा तिथेच शिकले" हे मला सांगू नका.

टप्पा ९. राज्य पुरस्कार: अर्ज, मग शिबिर

शिबिराच्या निदान दोन महिने आधी फाइल लावा. प्रवेशापासून तृतीयपर्यंतच्या तारखा एका कागदावर उभ्या लिहा आणि शेजारी मधले महिने. ६, ९, ९, ९ यातला एकही आकडा कमी भरत असेल तर अर्ज करू नका, पुढच्या शिबिराला जा. एकदा मी आठ महिने बावीस दिवस झालेल्या पोराचा अर्ज "काय होतंय" म्हणून पाठवला. परत आला, त्याच्यासोबतचे बाकी सहा अर्जही परत आले कारण सगळे एकाच गठ्ठ्यात होते. त्या सहा पोरांच्या आया अजून रस्त्यात भेटल्या की आधी तेच काढतात.

फाइलमध्ये: सोपान प्रमाणपत्रं, बॅज प्रमाणपत्रं परीक्षकाच्या सहीसह, शाळेचा बोनाफाईड, नोंदणीचा पुरावा, फोटो गणवेशातले. सेवा प्रकल्प आणि खरी कमाईच्या नोंदी वहीत. खरी कमाईचा हिशेब ठेवा, किती भेळ विकली, सामानाला किती गेले, उरले किती आणि त्याचं केलं काय. आईने पीठ मळून दिलं, बाबांनी स्टॉल लावला आणि पोराने फक्त गल्ला सांभाळला, ती खरी कमाई बाबांची.

शिबिराची बॅग पोराने स्वतः भरायची. दोन गणवेश, दोऱ्या, शिट्टी, होकायंत्र, लाठी, त्रिकोणी पट्ट्या, सुई-दोरा, टॉर्च, ताट-वाटी-मग, अंथरूण, आणि वही मूळ प्रत, झेरॉक्स नाही. आईने भरून दिलेल्या बॅगेत पोराला मोजे सापडत नाहीत आणि गणवेश तपासणीला तो एका पायात पांढरा मोजा घालून उभा राहतो.

शिबिरात लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक असतं, पण परीक्षक दिवसभर बघत असतात. तंबूभोवती चर खणला का, ताटं कुठे वाळत घातली, जेवण वाढताना धाकट्यांना आधी दिलं का, शेकोटी कार्यक्रमाला कोण कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसलं. बिनभांड्याच्या स्वयंपाकाला आमची पोरं वांगं भाजून भरीत करतात, सोपं पडतं, बटाटे राखेत पुरतात, काठीला कणीक गुंडाळून भाजतात. कणीक घट्ट मळा, सैल झाली की गळून विस्तवात पडते. आणि काठी कडुनिंबाची घेऊ नका. एकदा घेतली होती, संघनायकाने गपचूप पूर्ण खाल्ली, बाकीच्यांना काही बोलला नाही.

तोंडी परीक्षेत येत नसेल तर "येत नाही सर" म्हणायचं. फेकाफेक केली की परीक्षक दोरी हातात देतात.

टप्पा १०. निकाल लागल्यावर

शिबिर झालं की दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात. निकालाच्या यादीत नाव बघा, स्पेलिंग बघा, चूक असेल तर प्रमाणपत्र छापायच्या आधी लेखी कळवा, छापून आल्यावर दुरुस्ती म्हणजे डोक्याला ताप. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्का किंवा साक्षांकन लागलं तर करता येत नाही. स्कॅन करून आईच्या आणि बाबांच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

दहावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे वेळेत जावा लागतो, तुमच्या घरातल्या फाइलमधून तो आपोआप जात नाही. दहावीला फॉर्म भरतानाच वर्गशिक्षकांना प्रमाणपत्राची प्रत द्या, पोच घ्या, आणि पुन्हा एकदा आठवण करा.

राष्ट्रपती पुरस्कार करायचा असेल तर राज्य पुरस्काराच्या तारखेपासून बारा महिने मोजायला घ्या, नवी वही काढा आणि पहिल्या पानावर यूआयडी लिहा.